भार कोणाच्या खांद्यावर? ब्रिटनमधील आजचे वाद आणि आपण

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत जयपूरनिवासी माजी विद्यार्थिनीने दिलेले भाषण)



ज्या शाळेने मला बेरीज-वजाबाकी शिकविली, त्याच शाळेत ब्रिटनच्या राजकारणावर आणि अर्थकारणावर बोलायला उभे राहताना थोडा संकोच वाटतो. हा विषय मी निवडला याचे कारण माझ्या राहण्याच्या जागेत आहे. विवाहानंतर मी जयपूरला गेले आणि सांगानेरच्या छापील कापडाची निर्यात करणाऱ्या एका व्यवसायात गेली अनेक वर्षे हिशेब पाहते. लंडनमध्ये करांविषयी, पौंडाविषयी किंवा परदेशी माणसांविषयी काही वाद झाला, की त्याचा पडसाद काही महिन्यांत आमच्या वहीत उमटतो. हा संबंध माझ्या एकटीचा नाही. ज्यांची मुले तिकडे शिकायला निघाली आहेत, अशा या सभागृहातील अनेक पालकांचाही तो आहे.

आपली शाळा १९६६ च्या जूनमध्ये सुरू झाली. त्याच महिन्यात, ६ जून रोजी, भारत सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. तोपर्यंत एका पौंडाला १३ रुपये ३३ पैसे मोजावे लागत. त्या दिवसापासून २१ रुपये मोजावे लागू लागले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, पौंडावरही तीच वेळ आली. हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने डॉलरच्या तुलनेत पौंड २.८० वरून २.४० वर आणला. देशातल्या देशात लोकांच्या खिशातील पौंडाची किंमत त्यामुळे घटलेली नाही, असे विल्सन यांनी आपल्या नागरिकांना सांगितले. लोकांना ते पटले नाही, कारण बाहेरून येणारे अन्नधान्य आणि कच्चा माल महाग झाला होता. आज पौंड १०० रुपयांच्या बराच वर आहे. या साठ वर्षांत दोन्ही देशांत अनेक सरकारे आली आणि गेली. सामान्य माणसाचा प्रश्न मात्र तोच राहिला: निर्णय वर होतो, त्याचा भार शेवटी कोणाच्या खांद्यावर येतो?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. महाराष्ट्रात त्याची परंपराच आहे. १८९२ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले सिद्धांत कोणत्याही देशाला, कोणत्याही काळी जसेच्या तसे लागू होत नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. मुक्त व्यापार हे तत्त्व म्हणून कितीही सुंदर असले, तरी १८९६ साली लँकेशायरच्या गिरण्यांचे समाधान व्हावे म्हणून मुंबईच्या गिरण्यांतील कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविण्यात आला. तत्त्व लंडनचे होते आणि कर मुंबई भरत होती.

१८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी लंडनला गेले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. हिंदुस्थानच्या नावावर पडणाऱ्या खर्चातील कोणता भाग हिंदुस्थानने सोसावा आणि कोणता ब्रिटनने, हा त्या आयोगापुढचा एक प्रमुख प्रश्न होता. गोखल्यांनी भावनेला हात न घालता आकडे मांडले. पुढे १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी हीच पद्धत वापरली. सरकार शिलकीचा अभिमान बाळगीत होते. ही शिल्लक सुबत्तेतून आलेली नसून दुष्काळाने गांजलेल्या प्रजेवरील जादा करांतून आली आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. दुसऱ्याच वर्षी मिठावरील कर कमी झाला.

तिसरे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रुपयाचा भाव घसरला की निर्यातदारांना लाभ होतो आणि म्हणून देशाला लाभ होतो, असे त्या काळी अनेक जाणकार मानीत. आंबेडकरांनी विचारले की हा लाभ येतो कोठून? त्यांचे उत्तर असे होते की, तो परदेशातून येत नाही. किमती आधी वाढतात आणि मजुरी मागून वाढते. त्या मधल्या काळात देशातल्याच मजुराच्या ताटातील घास मालकाच्या नफ्यात जमा होतो. एका वर्गाच्या हानीला राष्ट्राचा लाभ म्हणता येत नाही. ब्रिटनमधील आजचे वाद समजून घेताना मला या एका विचाराचा जितका उपयोग झाला, तितका दुसऱ्या कशाचाही झाला नाही.

आता त्या वादांकडे वळू.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या जनतेने ५२ विरुद्ध ४८ टक्के अशा मतांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. दर आठवड्याला संघाला जाणारे ३५ कोटी पौंड वाचतील, ते रुग्णालयांना देता येतील, असा प्रचार झाला होता. प्रत्यक्षात संघाला जाणारी खरी रक्कम याहून बरीच कमी होती, हे तेव्हाही जाणकार सांगत होते. निकालाच्या रात्रीच पौंड कोसळला. पौंड स्वस्त झाल्यामुळे निर्यात वाढेल, असे काहींनी म्हटले. आयात अन्न आणि इंधन महागले, ते मात्र सर्वांनी सोसले. ब्रिटनचे स्वतंत्र अर्थसंकल्पीय कार्यालय आजही असे मानते, की संघातून बाहेर पडल्यामुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. सार्वभौमत्वासाठी ही किंमत योग्य आहे, असे म्हणण्याचा अधिकार त्या जनतेला नक्कीच आहे. पण किंमत आहे, हे मतदानापूर्वी कोणी स्पष्टपणे सांगितले होते का, हा वाद तेथे अजून शमलेला नाही.

दुसरा प्रसंग सप्टेंबर २०२२ चा. हुजूर पक्षाच्या लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या आणि त्यांच्या अर्थमंत्र्यांनी २३ सप्टेंबरला सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. त्यासाठी पैसा कोठून येणार, हे सांगितले नाही आणि स्वतंत्र कार्यालयाचा अंदाजही सोबत प्रसिद्ध केला नाही. तीन दिवसांत पौंड डॉलरच्या तुलनेत आजवरच्या नीचांकावर गेला. सरकारी रोखे विकले जाऊ लागले, निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घेण्यासाठी बाजारात उतरावे लागले. पन्नास दिवसांच्या आत पंतप्रधानांना पद सोडावे लागले. श्रीमंतांची करकपात बरीचशी मागे घेतली गेली; गृहकर्जाचे वाढलेले हप्ते मात्र सामान्य कुटुंबांनी पुढेही भरले.

जुलै २०२४ मध्ये कीर स्टार्मर यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्ष सत्तेवर आला. सहाशे पन्नासपैकी चारशेहून अधिक जागा त्याला मिळाल्या, पण मते होती सुमारे ३४ टक्के. त्याच निवडणुकीत रिफॉर्म यूके या पक्षाला १४ टक्के मते मिळूनही केवळ ५ जागा मिळाल्या. जागा अफाट आणि पाठिंबा पातळ, या विसंगतीतून त्या सरकारची धाकधूक समजते. निवडणुकीपूर्वी मजूर पक्षाने कष्टकऱ्यांवरील प्राप्तिकर, राष्ट्रीय विम्याचे अंशदान आणि मूल्यवर्धित कर न वाढविण्याचे वचन दिले होते. तिजोरीत तर खडखडाट, आणि केवळ कर्जाच्या व्याजापोटी वर्षाला १०० अब्ज पौंडांहून अधिक रक्कम जात होती. मग अर्थमंत्री रेचेल रीव्हज यांनी एप्रिल २०२५ पासून मालकाच्या वाट्याचे अंशदान १३.८ वरून १५ टक्क्यांवर नेले. कामगाराच्या पगारपत्रकात काही बदलले नाही, म्हणून वचन पाळले, असे सरकार म्हणाले. मालक हा भार हळूहळू पगारवाढ रोखून आणि भरती कमी करून कामगारांवरच टाकतील, असे टीकाकारांनी सांगितले. स्वतंत्र कार्यालयाचा अंदाजही बराचसा असाच होता. प्राप्तिकराच्या मर्यादा २०३१ पर्यंत गोठविण्यात आल्या आहेत. दर वाढविला नाही, पण महागाईबरोबर पगार वाढला की माणूस आपोआप वरच्या करात जाऊन बसतो. कर वाढविल्याचे न सांगता कर वाढविण्याची ही रीत जगातील कोणत्याही अर्थमंत्र्यास परिचित आहे.

वृद्ध आणि बालके यांच्यासंबंधीचा वादही लक्षात घेण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये सरकारी निवृत्तिवेतन दरवर्षी पगारवाढ, महागाई किंवा अडीच टक्के यांपैकी जे सर्वाधिक असेल तितके वाढते. याउलट २०१७ पासून गरीब कुटुंबातील तिसऱ्या आणि पुढच्या मुलासाठी मिळणारे साहाय्य बंद होते. ते पुन्हा देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात झाला. याच सरकारने २०२४ मध्ये बहुतेक वृद्धांचा हिवाळ्यातील इंधन-भत्ता काढून घेतला, तेव्हा एवढा गदारोळ झाला की वर्षभरातच त्याला बरीच माघार घ्यावी लागली. वृद्ध मोठ्या संख्येने मतदान करतात. मुलांना मत नसते. भार वाटताना कोणाचा आवाज ऐकला जातो, हे यावरून दिसते.

हे सारे ऐकून आपणांस वाटेल, की यात जयपूर कोठे आले?

जयपूर आणि लंडन यांचा संबंध जुना आहे. १८७६ साली ब्रिटनच्या युवराजाच्या स्वागतासाठी शहर गुलाबी रंगाने रंगविले गेले. १९०२ साली सवाई माधोसिंह राज्याभिषेकासाठी लंडनला निघाले, तेव्हा गंगाजळाने भरलेले प्रचंड चांदीचे कलश त्यांच्यासोबत बोटीवर चढले. ते कलश आजही राजवाड्यात पाहायला मिळतात. पाहुणे कलशांपुढे थबकतात. ते घडविणाऱ्या हातांविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते. आजच्या व्यापाराचेही थोडेसे असेच आहे.

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापक आर्थिक व व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. वाटाघाटी जानेवारी २०२२ पासून चालल्या होत्या. या करारानुसार भारताच्या सुमारे ९९ टक्के प्रकारच्या वस्तूंवरील आयात शुल्क ब्रिटन रद्द करणार आहे. कापड आणि तयार कपड्यांवर १२ टक्क्यांपर्यंत आणि दागिन्यांवर ४ टक्क्यांपर्यंत शुल्क होते. बांगलादेशाचे कपडे ब्रिटनमध्ये विनाशुल्क जात असल्यामुळे आमच्या मालाला हे १२ टक्के फार जड जात. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले, तेव्हा जौहरी बाजारापासून सीतापुऱ्यापर्यंत सर्वांच्या नजरा लंडनकडे वळल्या. या बदल्यात भारत ब्रिटिश व्हिस्कीवरील १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणणार आहे, आणि मोटारींवरील शुल्क ठरावीक संख्येपुरते १० टक्क्यांपर्यंत उतरविणार आहे.

या कराराचा लाभ कोणाला? सांगानेरला पांढऱ्या कापडावर बारीक फुलांची छपाई होते, बगरूला चिखलाचा दाबू लावून नीळ आणि कशिशीच्या रंगांचे काम होते. छिपा समाजातील कारागीर लाकडी ठसा उचलतो आणि टेबलावर ताणलेल्या कापडावर नेमका बसवितो. शुल्कात वाचलेल्या १२ टक्क्यांपैकी किती भाग लंडनच्या दुकानदाराकडे जाईल, किती निर्यातदाराकडे, आणि किती त्या ठसा उचलणाऱ्या हातापर्यंत पोहोचेल? करारात याचे उत्तर नाही, आणि करारात ते असूही शकत नाही. ते मजुरीच्या दरात आणि आमच्यासारख्या हिशेबनिसांच्या वहीत ठरते. रंगाचे पाणी ज्या द्रव्यवती नदीत जात आले, तिचा भार सांगानेरच्या लोकांनी सोसला आहे. लंडनमधील किमतीच्या चिठ्ठीवर तो कधीच छापला गेला नाही. बाबासाहेबांचा प्रश्न येथे अगदी जसाच्या तसा लागू पडतो. निर्यात वाढली, एवढ्यावर समाधान मानू नये. मजुरी वाढली का, तेही पाहावे.

याच करारावरून ब्रिटनमध्येही वाद पेटला. तात्पुरत्या कामासाठी पाठविलेल्या भारतीय कर्मचाऱ्याने आणि त्याच्या मालकाने तीन वर्षांपर्यंत ब्रिटनचे राष्ट्रीय विमा अंशदान भरू नये, भारतातील भविष्यनिर्वाह निधीतच भरावे, अशी तरतूद त्यासोबत मान्य झाली. मालकांचे अंशदान नुकतेच वाढले असताना परक्यांना सूट का, असा सवाल हुजूर पक्ष आणि रिफॉर्म यूके यांनी केला. ही सवलत दुतर्फा आहे, भारतात येणाऱ्या ब्रिटिश कर्मचाऱ्यांनाही ती मिळेल, आणि ब्रिटनचे इतर अनेक देशांशी असे करार आहेत, हे सरकारने सांगितले. ज्या निवृत्तिवेतनाचा लाभ त्या कर्मचाऱ्याला कधीच मिळणार नव्हता, त्यासाठी त्याने पैसे का भरावेत, हा भारताचा जुना प्रश्न होता. त्यात मला गोखल्यांच्या साक्षीतील तर्क ऐकू येतो: ज्याला लाभ, त्याने भार घ्यावा.

आता पालकांच्या जिव्हाळ्याचा विषय. ब्रिटनमध्ये येणाऱ्यांची निव्वळ संख्या २०२३ मध्ये वर्षाला ९ लाखांच्या वर गेली होती, आणि २०२५ च्या मध्यापर्यंत ती २ लाखांच्या आसपास उतरली. तरीही स्थलांतर हा तेथील सर्वांत तापलेला विषय आहे. जानेवारी २०२४ पासून अध्यापनाधारित पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला कुटुंब सोबत नेता येत नाही. पदवीनंतर दोन वर्षे राहून काम शोधण्याची मुभा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी दीड वर्षांवर येत आहे. कायम वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षांची अट घालण्याचा विचार पुढे आला आहे.

हे नियम शुल्काच्या हिशेबासोबत वाचले पाहिजेत. इंग्लंडमधील स्थानिक विद्यार्थ्याच्या शुल्कावर सरकारी मर्यादा आहे. २०१७ पासून अनेक वर्षे ती ९,२५० पौंडांवर थांबलेली होती. महागाई वाढली, शुल्क वाढले नाही, आणि विद्यापीठांनी ती तूट परदेशी विद्यार्थ्यांच्या कितीतरी अधिक शुल्कातून भरून काढली. म्हणजे येथे घर गहाण ठेवून कर्ज काढणारा पालक तेथील मुलाच्या शिक्षणाचाही काही भार उचलीत असतो. २०२८ च्या ऑगस्टपासून इंग्लंडच्या विद्यापीठांकडून परदेशी विद्यार्थ्यामागे वर्षाला ९२५ पौंड आकारून त्यातून तेथील गरजू विद्यार्थ्यांना अनुदान देण्याचेही जाहीर झाले आहे. हेतू चांगला आहे. पण विद्यापीठे ही रक्कम कोणाकडून वसूल करतील, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

मुलांना परदेशी पाठवू नका, असे मी मुळीच म्हणत नाही. गोखले गेले, आंबेडकर गेले, म्हणून आपण समृद्ध झालो. माझे सांगणे इतकेच, की माहितीपत्रकातील हसऱ्या चेहऱ्यांसोबत त्या देशाचा अर्थसंकल्पही वाचा. दीड वर्षात नोकरी मिळाली नाही तर हप्ता कोण भरणार, आणि पौंड दहा रुपयांनी चढला तर शेवटच्या वर्षाचे शुल्क कोठून येणार, हे प्रश्न अर्ज भरण्यापूर्वी घरात मोठ्याने विचारले जावेत, आणि मुलाच्या समोर विचारले जावेत. ज्या घरात हिशेब उघड असतो, त्या घरातील मूल परदेशात एकटे पडत नाही.

शेवटी शाळेपुढे एक लहानशी सूचना ठेवते. दरवर्षी १ फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प मांडला जातो. त्यानंतरच्या एखाद्या शनिवारी वरच्या वर्गांतील मुलांनी तो मराठीत वाचावा. सोबत राज्याचा, आपल्या नगरपालिकेचा आणि एखाद्या परदेशाचा अर्थसंकल्प घ्यावा. मुलांनी प्रत्येक तरतुदीपुढे दोनच रकाने आखावेत: लाभ कोणाला, भार कोणावर. हे काम मराठीत होणार नाही, असे कोणी म्हणेल, तर महसूल, तूट, अंशदान, अवमूल्यन हे शब्द मी याच शाळेत शिकले आणि आज जयपूरमध्ये इंग्रजी करारांचा अर्थ लावताना तेच माझ्या कामी येतात, एवढेच उत्तर पुरे आहे. अशा उपक्रमासाठी लागणारी पुस्तके आणि पहिल्या पाच वर्षांचा खर्च आम्ही काही माजी विद्यार्थी मिळून उचलू. तो भार आमच्या खांद्यावर आनंदाने येऊ द्या.